अर्ध्या पावलाचा उशीर

९ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा उशीर! अर्धं पाऊल. मोजून अर्धं. मी विळ्याला जोडलेली साखळी सोडतो, टोकाचा गोळा सुटतो, आणि इवाओची तलवार अजून डोक्यावरच – जशी काही तिथे वाळत घातली आहे! मग सावकाश खाली येते. साखळी तिला विळखा घालते, मी ओढतो, शिरतो, विळा त्याच्या मनगटावर. डाव संपला. बघणाऱ्याला काही कळत नाही. मला कळतं ना!

तरुणपणी हाच माणूस विजेसारखा यायचा. मध्येच कधीतरी आळसावला, तो आळसावलाच. सत्तेचाळीस वर्षं झाली असतील.

म्हटलं, "इवाओ, डावाचं नाव 'परतता बगळा' आहे. बैल नव्हे."

तर म्हणतो, "बैलही परततोच की, शुनपेई. घरी पोचल्याशी कारण."

वर हसतो! पुढचे दोन दात नाहीत, तरी हसतो.

मग जोडे घालता घालता सांगितलं – देवळापुढचा कार्यक्रम झाला की नोव्हेंबरात लेकीकडे जाणार. साप्पोरोला. कायमचा. गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, आणि लेकीकडे लिफ्ट आहे. एवढं बोलून छत्री उचलली आणि गेला. एकोणसाठ वर्षं एका तालमीत घाम गाळला, आणि लिफ्ट!

१० सप्टेंबर

झोप लागली नाही नीट. काठीचे डाव आठ जणांना येतात. आखूड तलवारीचे पाच जणांना. पण साखळी-विळ्याचा हा शेवटचा डाव जगात दोघांनाच येतो. विळ्याची बाजू मला, तलवारीची इवाओला. तो गेला की माझ्या हातात उरणार अर्धा डाव. अर्ध्या डावाचं काय करायचं? भिंतीवर टांगायचा?

१२ सप्टेंबर

शस्त्रांना तेल दिलं. लवंगेचा तो वास आला की हागिवारा गुरुजी मागे उभे आहेत असं अजून वाटतं. बोलायचे नाहीत फारसे. चुकलं की फक्त नाकातून श्वास सोडायचे.

तालमीची जुनी कागदी गुंडाळी उघडून डावांच्या ओळी वाचल्या. प्रत्येक डावाला एक कविता आहे. काही खरंच सुंदर. पण बगळ्याची –

'नाव आली म्हणू नये,
किनारा थांबला होता.'

ही काय कविता? किनारा थांबतो म्हणजे काय? तो दुसरं करणार तरी काय? आमच्या चौथीच्या बाईंनी लाल शाईने गोल केला असता. बाई शिकवायच्या त्या कविता! 'शेतात पाणी, पाण्यात आभाळ, एक पाय दुमडून उभी सकाळ.' शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, डब्यात रताळं, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात म्हणतोय. अजून म्हणून बघितली की पोट भरल्यासारखं होतं. फुसाए स्वयंपाकघरातून ओरडली, "बगळा उडाला असेल तर जेवायला या!" पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला एक कविता कळू नये!

१६ सप्टेंबर, रविवार

ठरवलं. तलवारीची बाजू मिसाओला शिकवायची. पोस्टात असते, एक्केचाळीस वर्षांची, बारा वर्षं येते आहे, एक रविवार चुकवला नाही. प्रश्न मात्र फार विचारते. खिडकीवर बसून लोकांची पाकिटं तोलायची सवय, तसं माझं प्रत्येक वाक्य तोलते.

इवाओ भडकला. त्याला भडकलेला मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता.

"उलटा कारभार! तलवार मोठ्याच्या हाती. मोठ्याने हरायचं, धाकट्याने जिंकायचं. विळा मिसाओला दे. तलवार तू घे. मी शिकवतो."

"मी हरू? हिच्याकडून?"

"मी नाही हरलो तुझ्याकडून? जन्मभर?"

तो हरला, कारण तो मोठा. माझ्या आधी अकरा दिवस तालमीत आला म्हणून मोठा! अकरा दिवस! प्रमाणपत्र मला त्याच्या दोन वर्षं आधी मिळालं, ते कुणी धरत नाही. नियम मला ठाऊक आहे, मला नका शिकवू. पण या वर्षी देवळापुढे विळा माझ्याच हातात असणार. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन.

आणि खरं कारण दुसरंच आहे. इवाओने शिकवलं तर त्याचा तो उशीरही मिसाओत उतरणार. तिच्यातून पुढच्यांत. शंभर वर्षांनी कुणीतरी पोर तलवार डोक्यावर वाळत घालील आणि म्हणेल, आमची परंपरा आहे! मी ते होऊ देणार नाही.

१७ सप्टेंबर

उजवा खांदा ठणकतोय. हवा बदलणार.

२३ सप्टेंबर, रविवार

मिसाओला तलवार दिली. लाकडीच. माझ्याकडे लाकडी विळा, साखळीच्या जागी सुती दोरी, टोकाला कापसाचा गोळा.

पहिला प्रश्न – "गुरुजी, मी हरायचं तर मग वेळेवर कशाला यायचं?"

दुसरा – "इवाओ गुरुजी थांबतात ते चूक की बरोबर?"

"चूक!"

"मग मोठ्या गुरुजींनी त्यांना कधी सांगितलं कसं नाही?"

मलाही हे अधूनमधून वाटलेलं आहे. हागिवारा गुरुजी कडेला बसून सगळं बघायचे. बोट जरा इकडचं तिकडे झालं तरी नाकातून श्वास. या उशिरावर मात्र कधी नाही. म्हातारपणी डोळे गेले असतील.

इवाओ खांबाला टेकून बसला होता. ताटलीत भाजलेले चेस्टनट घेऊन एकेक सोलत होता. तालमीत! फुसाएने दिलेले असणार. ती त्याच्याच बाजूची आहे.

३० सप्टेंबर, रविवार

वादळ. तालीम बंद. सकाळपासून फळ्या ठोकून घरात बसलोय.

असंच वादळ होतं तेव्हा. एकतीस वर्षांचा होतो. तालमीच्या छपराची कौलं उडायला लागली तेव्हा मी आणि इवाओ वर चढलो. दोघं एका दोरीला बांधलेले. मी घसरलो. खांदा दगडी पायरीवर आपटला. तीन महिने पडून. खिडकीतून तांबडी पेरूची झाडं... नाही, पर्सिमॉनची. म्हातारपण! गुरुजी आठवड्याला एकदा यायचे, उशाशी बसून नाशपाती सोलायचे, चार शब्द न बोलता परत जायचे. मी पडल्या पडल्या शाळेतल्या कविता म्हणायचो. विळा परत हातात घेता आला नसता तर मी नदीत उडी मारली असती, हे तेव्हा कुणाला बोललो होतो का? गुरुजींना बोललो होतो बहुतेक. हो, बोललोच होतो.

पण आलो परत. वसंतात पहिल्याच दिवशी बगळ्याचा डाव केला आणि जिंकलो. गुरुजींनी नुसती मान हलवली. त्या मानेवर मी कितीतरी वर्षं जगलो.

७ ऑक्टोबर, रविवार

मिसाओला ताल धरायला शिकवलं. डोक्यावर गोळा फिरतो – एक, दोन – तीनला मी सोडतो, तीनलाच तिने वार करायचा.

"तीनला म्हणजे तीनलाच?"

"पोस्टाचा शिक्का मारतेस ना? तसा."

"शिक्का मारताना समोरचा दोरी फिरवत नसतो, गुरुजी."

आज तिने हळूच केलं, अर्ध्या वेगाने. पुढच्या रविवारी पूर्ण वेगाने. इवाओ उठून तिच्यापाशी गेला, कानात काहीतरी कुजबुजला. मी म्हटलं, "काय सांगतोस तिला?" म्हणाला, "कपाळाला जाड पट्टी बांध म्हणून सांगितलं." हा असा अपशकुनी माणूस!

१४ ऑक्टोबर, रविवार

अक्षर वाकडं येतंय.

पूर्ण वेगाने केलं. एक, दोन, तीन – आणि तलवार माझ्या डोक्यावर! चार बोटं वर थांबवली तिने. माझा गोळा तेव्हा कुठे निघाला होता. तो तलवारीवरून पलीकडे गेला आणि तिच्या कानशिलावर बसला. कापसाचा होता म्हणून निभावलं. ती मटकन खाली बसली.

मी ओरडलो. लवकर आलीस! घाई! बारा वर्षांत हेच शिकलीस?

ती कान चोळत म्हणाली, "तीनला आले. तुम्ही म्हणालात तसं."

"तीनच्या आधी आलीस!"

"नाही, गुरुजी." एवढंच. रडली नाही, चिडली नाही. पाकीट वजनात जास्त भरलं की सांगतात तसं सांगितलं.

इवाओकडे बघितलं. तो चटईकडे बघत होता.

१५ ऑक्टोबर

दोरी भिजून जड झाली असणार. दमट हवा.

१६ ऑक्टोबर

दोरी तोलली. जड नाही.

१८ ऑक्टोबर

दुपारी इवाओ आला. सामान बांधतोय म्हणाला, आणि त्याला न लागणारी वस्तू म्हणून एक भलीमोठी किटली मला देऊन टाकली. फुसाएने चहा ठेवला आणि कधी नव्हे ती बाहेर निघून गेली. तिला माहीत होतं! सगळ्या गावाला माहीत असेल.

"मिसाओला दोष देऊ नकोस," तो म्हणाला. "ती वेळेवर आली."

"मग उशीर कुणाचा?"

तो किटलीचं झाकण उघड-मीट करत बसला.

"छपरावरून पडलास ना. खांदा जुळला, पण पूर्वीसारखा नाही जुळला. गोळा सुटतो, तो अर्धं पाऊल मागून. तुला आतून कळत नाही. कळणार कसं? तुझ्या अंगाला तोच तीन वाटतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"गुरुजी म्हणाले, सांगू नकोस. सोडून देईल. आणि सोडून दिलं तर नदीवर जाईल. तू थांब. मोठा आहेस ना? मग थांब."

मी काय म्हटलं आठवत नाही. काहीतरी वाईटच म्हटलं असेन. किटली घेऊन जा, असंही म्हटलं. तो उठला, गुडघे कडकड वाजले. दारात वळून म्हणाला, "बैल म्हणालास ना मला त्या दिवशी. घरी येऊन पोट धरून हसलो."

किटली ठेवूनच गेला.

१९ ऑक्टोबर

म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी प्रत्येक रविवारी मेलेलो आहे! आणि मारणारा माणूस तलवार वर धरून उभा! आणि मी त्याला आळशी, बैल, दगड – काय काय बोललो! पोरांसमोर, पाहुण्यांसमोर! एकदा तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर! एकदा तरी उलटून बोलायचं ना, मूर्खा!

संध्याकाळी गुंडाळी काढली. बगळ्याची ओळ वाचली. परत गुंडाळून ठेवली.

२१ ऑक्टोबर, रविवार

तालमीत गेलो नाही. फुसाए म्हणाली, "रुसायचं वय गेलं आता. सरपण तरी फोडा." फोडलं. डाव्या हाताने.

२८ ऑक्टोबर, रविवार

गेलो. मिसाओपुढे वाकलो आणि म्हटलं, तू वेळेवर आली होतीस. ती माझ्याहून खाली वाकली. मग विळा तिच्या हातात दिला. देताना बोटं सुटेनात. इवाओने एकेक करून सोडवली – खरोखर, एकेक करून!

मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "तलवार शिकव."

सकाळभर शिकवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी पहिलीच्या वर्गात! आणि काय छळवाद मांडला त्या दोन दात नसलेल्या माणसाने!

"घाई करतोस."

"पुन्हा घाई."

"तिच्या हाताकडे बघू नकोस. पोटाकडे बघ."

"घाई! गाडी पकडायची आहे का?"

वार करणं सोपं आहे. वर धरलेली तलवार तिथे धरून ठेवणं – समोरचा उघडा दिसत असताना! – दंड फाटतात. आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. हे त्याने इतकी वर्षं केलं आणि त्यातच हसलाही.

कार्यक्रमापर्यंत रोज संध्याकाळी मी मिसाओला विळ्याची बाजू शिकवणार, पण तलवारीचं हे थांबणं आम्ही तिला सांगितलं नाही. विळा घेणाऱ्याला ते सांगायचं नसतं.

३ नोव्हेंबर

देवळापुढे शंभरेक माणसं, वारा, खरी लोखंडी साखळी. मिसाओचे ओठ पांढरे पडले होते.

एक, दोन, तीन – गोळा सुटला नव्हता. माझे दंड भरून आले. मागून चटईवर बसलेल्या इवाओचा आवाज ऐकू आला – हळूच, नाकातून सोडलेला श्वास.

मग साखळी आली. मी तिच्याबरोबर खाली आलो आणि हरलो.

पायऱ्या उतरताना मिसाओने विचारलं, "गुरुजी, वेळेवर आले ना मी?"

म्हटलं, "अगदी वेळेवर."