जिभली नसलेलं गवत

काकी, काल शहरात शिक्षकांसाठी एक व्याख्यान होतं, उत्क्रांतीबद्दलच्या नव्या शोधांवर. निवृत्तीला टेकलेल्या बाईला आता कसले नवे शोध, असं मनाशी म्हणत, निदान चहा तरी बरा मिळेल म्हणून मी गेले. आणि पडद्यावर काय यावं, तर आपलं पाखड! खाचरात भाताच्या रांगेत भातासारखंच उभं राहून भाताचं खत खाणारं ते लबाड गवत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते पाहिलं आणि चिखल लागल्यासारखे माझे हात आपोआप पदराला पुसले गेले.

व्याख्याता तरुण होता, पण सांगायचा छान. चीनमधल्या भातशेतीतल्या पाखडाची जनुकं शास्त्रज्ञांनी वाचली म्हणे. हे गवत मुळात असं नव्हतं. जमिनीलगत पसरायचं, बुडाशी तांबूस असायचं. बेणणीत तण काढणाऱ्यांना जे वेगळं दिसलं ते उपटलं गेलं, जे भातासारखं दिसलं ते नजर चुकवून राहिलं आणि त्याचंच बी पडत गेलं. असं होता होता ते सरळ उभं राहायला लागलं, हिरवं झालं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं मी जन्मभर पोरांना सांगत आले, आणि हे तर माणसाच्या हाताखाली घडलं. "उपटून उपटून आपणच त्याला सोंग शिकवलं," असं तो म्हणाला तेव्हा सगळे हसले. मला हसू येईना.

कारण ते सोंग मी केलेलं आहे. आई गेल्यावर बापाने मुंबईत दुसरं लग्न केलं आणि मला तुझ्या ओटीवर आणून सोडलं. तुझी दोन पोरं तिथे खेळत होती. मी चपाती मागायचं सोडलं, तांदळाची भाकरी न कुरकुरता खाल्ली. आठवड्याभरात मुंबईची बोली टाकून तुझ्या मुलीसारखी बोलायला लागले, तिच्यासारख्या वेण्या, तिच्यासारखं उकिडवं बसणं. आलागेला तिघांकडे बघून "तुमचीच ना ही?" म्हणाला, की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. तरी एके संध्याकाळी मागच्या पडवीत काकांचं बोलणं ऐकलंच. "तिला बापाकडं पाठव आता. आपली दोनच जड झाली हायत."

तू काय उत्तर दिलंस ते ऐकायला मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी श्रावणातलं ऊन आहे, आपण बेणणीला खाचरात वाकलोय आणि माझे डोळे भरलेले. मी मूठभर भात उपटते आणि पाखड तसंच ठेवते. तू बघतेस आणि ओरडतेस, "अगो, सारकी दिसली म्हनून सारकी होतात काय?" काकी, ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच. तू मला ओळखलं आहेस आणि आता माझी पाळी, एवढंच मला कळलं. त्यानंतर मी आणखी गरीब गाय झाले. लग्न होऊन निघेपर्यंत तुझ्या घरात दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही.

पण काल त्या काळोख्या सभागृहात मला तुझं पुढचंही बोलणं आठवलं. माझं बोट धरून तू ते पात खोडाला मिळते त्या काखेत फिरवलंस. "डोल्यांनी बगू नको, बोटांनी बग. भाताला हितं जिभेसारका पातल पापुद्रा, जिभली असते, पाखडाला नाय. नीट शिकून घे. फुडच्या पावसात ह्या खाचराची बेननी तुज्याकडं."

पुढच्या पावसात! ज्याला घालवायचं, त्याला कोणी पुढच्या वर्षीचं काम नेमून देतं का? काकांना आदल्या संध्याकाळी काय उत्तर मिळालं असेल, ते तू मला त्याच खाचरात सांगून टाकलं होतंस. मी मठ्ठ, अर्धंच ऐकलं आणि अर्ध्यावरच आयुष्य काढलं. मला वाटायचं, मी तुला फसवून तुझ्या घरात राहिले. पाखडाने रंग बदलला, उभं राहणं बदललं, पण जिभली काही त्याला आणता आली नाही. तुझ्या बोटांना कोण फसवणार होतं? तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला राहू दिलंस. हे तू असताना कळायला हवं होतं, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी त्या मुलाने टेबलावर दोन रोपं ठेवली आणि म्हणाला, ओळखा. बाकीचे चष्मे सावरत होते. मी डोळे मिटून काखेत बोट फिरवलं आणि पाखड उचलून त्याच्या हातात दिलं. तो खूश झाला. "बाई, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मला माहीत नाही. घडी घालून ठेवून देईन. तुझ्यासमोर जो शब्द उच्चारायची माझी कधी हिंमत झाली नाही, तो मी काल एका परक्या पोरासमोर बोलून गेले. म्हणाले, "आईने." आणि तो शब्द दुरुस्त केला नाही.