उष्टा श्वास

बसवनगुडी, बंगलोर
१२ डिसेंबर १९६१

प्रिय वसुमती,

तुझं पत्र पोचलं. त्यात तू दोन प्रश्न विचारले आहेस: आईचा दमा कसा आहे, आणि अमेरिकेतलं संशोधन अर्धवट टाकून तू घरी परत यावंस का. शाळेत जन्मभर मी मुलांना प्रश्न क्रमाने सोडवायला लावले, पण आज दुसरा आधी सोडवतो. येऊ नकोस. पहिल्याकडे वळायला मला जरा सवड दे.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. बाजारात अवरेकाई आली. सवयीने पिशवीभर शेंगा घेऊन आलो, त्या टोपलीत तशाच सुकताहेत. सोलायचा मला कंटाळा, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी बरणी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहे. तुम्ही दोघींनी चिकपेटेत घासाघीस करून लोणच्यासाठी घेतलेली, आणि तू कॉलेजातून आणलेलं हिरवं पाणी ओतून बाटवलेली ती काचेची बरणी. निघताना तू आईला सहज म्हणालीस की हे शेवाळ आपण सोडलेल्या श्वासातला वायू खातं आणि उन्हात बसून त्याची साखर करतं. तुझं ते एक वाक्य, पण तिला वाटलं तू तिच्यावर कुणाच्या तरी जेवणाची जबाबदारी टाकून गेलीस. मग पेच पडला. जिने कधी समईसुद्धा तोंडाने फुंकून विझवली नाही, तिने फुंकलेला श्वास कुणाला खायला कसा घालायचा? तो उष्टा नाही का झाला? पुष्कळ दिवस घोळ घालून शेवटी तिनेच निकाल दिला: लेकराला आईचं उष्टं चालतं. त्यानंतर रोज आंघोळ झाली की, स्वतःची कॉफी घ्यायच्या आधी, पपईच्या पानाचा पोकळ देठ बरणीत बुडवून ती फुंकायची.

मी पुष्कळ चिडलो. धाप लागणाऱ्या बाईने हा उद्योग कशाला करायचा? चार फुंका मारल्या की खोकल्याची उबळ यायची आणि ती भिंतीला टेकून बसायची. तरी मला हात करून म्हणायची, स्वल्प थांबा हो, पोरं उपाशी आहेत. शेजारच्या जमनाबाई म्हणाल्या की असली पाची, शेवाळ, तर आम्ही काथ्याने घासून काढतो, तुम्ही ती पाळताय? त्यावर हिने धुण्याच्या दगडावरचं शेवाळही घासायचं सोडलं, आणि त्यावरून एकदा मी सपशेल आपटलो. वसूची भावंडं, असं म्हणून ती हसत होती. मला हसू आलं नव्हतं. आज येतं.

मग उन्हाळ्यात तुझं ते लांबलचक पत्र आलं. त्यातलं इंग्रजी मराठीत फोडून मी ते तिला वाचून दाखवलं. शेवाळाच्या ज्या पेशींना तुम्ही कार्बन डायऑक्साइड भरपूर देऊन वाढवता, त्या सुखावतात. त्यांना उचलून साध्या हवेत ठेवलं, जिथे तो वायू नावालाच असतो, की त्या थबकतात. जवळजवळ काहीच करत नाहीत. मेल्या असं वाटावं. आणि मग काही वेळाने, कुणी काही न देता, विरळ हवेतलाच वायू ओढून घ्यायला लागतात, आपल्या पोटात दाटीने साठवतात आणि त्याची पुन्हा साखर बांधतात. हे त्यांना कसं जमतं ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही, तेच तू शोधते आहेस. मी वाचून थांबलो तर तुझ्या आईचा चेहरा उतरलेला. म्हणजे मी लाड करून त्यांना बिघडवलं का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देठ घेऊन बसली.

दिवाळीनंतर तिला बसवेना तेव्हा फुंकायचं काम माझ्याकडे आलं. पडल्या पडल्या ती लक्ष ठेवायची. माझे बुडबुडे फार मोठे येतात, घाबरतील ती, हळू फुंका, असं सांगायची. आता तिथे कुणी सांगायला नाही, म्हणून मी फुंकत नाही. देठ तोंडाशी नेतो आणि ठेवून देतो. बरणीतलं हिरवं तळाशी बसलं आहे, वर नुसतं पाणी.

वसू, या पत्राच्या माथ्यावर मी श्री लिहिलेलं नाही. आईच्या नजरेतून ते सुटलं नसतं, तुझ्या बहुधा सुटलं असेल. ती गेली. तेराव्याचं जेवण काल झालं. तार केली नाही, कारण तारेत ही बरणी मावली नसती, आणि तू धावत सुटलीस तरी तुला तिचं तोंड दिसलं नसतं. माझ्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. तुझं काम तिला फार मोलाचं वाटायचं. मला फक्त एक विचारायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. माझं सगळं आयुष्य तिच्या हातचं खाण्यात गेलं, आणि आता मी साध्या हवेत आहे. शेंगा सोलवत नाहीत, काही म्हणता काही होत नाही. त्या पेशी थबकतात आणि मग आपल्या आपण उठतात, असं तू लिहिलं होतंस. त्यांना किती वेळ लागतो, ते तू लिहिलं नव्हतंस. तेवढं कळव.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच
अण्णा