दोघांत एक पुस्तक

आबा, आज शाळेत पुस्तकं वाटली. इंदापूर तालुक्यातल्या या शाळेत मी अकरा वर्षं शिकवते आहे. इथं आता शाळा उघडली की पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराच्या हातात कोऱ्या पुस्तकांचा संच पडतो, फुकट. बहीणभाऊ एका वर्गात असले तरी दोन संच. मीच वाटते. वाटताना माझा चेहरा कसा होतो मला ठाऊक नाही, पण शेजारच्या वर्गाच्या बाई आज म्हणाल्या, "तुम्हाला या दिवशी काय होतं हो? कुणाशी तरी भांडून आल्यासारख्या दिसता." मी पुढचा संच उचलला. भांडण तुमच्याशी व्हायला हवं होतं, ते राहून गेलं. तुम्हाला जाऊन आता सोळा वर्षं झाली.

काटकसर तुमची, आणि तिचं कौतुक साऱ्या पिंपळी गावात. डेअरीवर लोकांचं दूध मापता मापता तुम्ही चौकशी करायचात, कुणाचं पोरगं कितवीत गेलं, कुणाची पुस्तकं धड आहेत. परीक्षा संपायच्या आत आमच्यासाठी कुणाची जुनी पुस्तकं घ्यायची ते तुमचं ठरलेलं असायचं. मे महिन्यात तुम्ही ओसरीवर बसून आमच्या जुन्या वह्यांतले कोरे कागद काढायचात, ते मांडीवर ठोकून सारखे करायचात आणि दाभणानं शिवून नव्या वह्या करायचात. कव्हराला जुन्या कॅलेंडरची पानं, गुळगुळीत बाजू वर. ते काम तुम्ही इतकं मन लावून करायचात की मी शेजारी बसून बघत राहायचे. खरं सांगते, त्या वह्यांचा मला कधीच राग आला नाही.

राग सातवीनंतरचा आहे. गावची शाळा सातवीपर्यंत, आठवीला बारामतीला जायचं. मी वर्गात पहिली आले होते. भाऊ माझ्यामागं एकाच वर्षानं, म्हणजे माझी पुस्तकं पुढच्या वर्षी त्याला व्हायची, हे ठरलेलंच. पण डेअरीवर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की पुढच्या वर्षी आठवीची पुस्तकं बदलणार, म्हणजे माझी त्याला चालणार नाहीत. त्या दिवशी तुम्ही जेवलात. हात धुऊन आलात आणि आईला म्हणालात, "हिला औंदा घरीच ठिवू. पुढल्या वर्षी दोघं संगं जातील. दोघांत एक पुस्तक बास हाय."

आई म्हणाली, "आवं, पोरीचं वरीस जाईल."

"वरीस कुठं जातंय? पळून जातंय व्हय?"

तेवढंच. माझ्याकडं तुम्ही बघितलंही नाही. मुलींना फी माफ होती, एसटीचा पासही होता, हे मला तेव्हा माहीत होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. त्या वर्षी मी शेण काढलं, म्हशी राखल्या, धारा काढायला शिकले. सकाळी फाट्यावर माझ्या वर्गातल्या मुली निळे स्कर्ट घालून एसटीची वाट बघत उभ्या असायच्या आणि मी म्हशी घेऊन त्यांच्यासमोरून जायचे. पहिले काही दिवस त्या हात करायच्या. दिवाळीनंतर मीच रस्ता बदलला आणि ओढ्याकडून जायला लागले.

वर्ष संपलं आणि पुस्तकं बदललीच नाहीत. त्या माणसानं ऐकीव सांगितलं होतं. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही खूश झालात. "बरं झालं. जुनी मिळतील," म्हणालात आणि त्याच संध्याकाळी सायकलवरून जाऊन निम्म्या किमतीत संच घेऊन आलात. माझ्याच मैत्रिणीचा. पहिल्या पानावर तिचं नाव, तिच्या वळणदार अक्षरात. ती नववीत गेली होती. मी पुस्तक तुमच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "आबा, मग माझं वरीस कशापायी गेलं?" तुम्ही सायकल पुसत होतात. म्हणालात, "त्वांड वर करून बोलायचं न्हाय. शाळंत घालतुय त्ये बघ."

बारामतीच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, भाऊबहीण एका वर्गात कसे, तू नापास झालीस का? मी हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, आणि पुस्तक एक. ते कायम भावाच्या दप्तरात. सर म्हणायचे पुस्तकं उघडा, आणि मी रिकाम्या बाकाकडं बघत बसायचे. चार वेळा मला वर्गाबाहेर उभं केलं. भाऊ एकदा उठून म्हणाला, "सर, तिचं पुस्तक माझ्याकडं हाय," तर त्यालाही बाहेर काढलं, मधे बोलला म्हणून. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे, आणि तो मला हळूच म्हणतो, "ताई, उद्यापासनं तू ठिव तुझ्याकडं." पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच पुस्तक परत त्याच्या दप्तरात घातलंत. पोराला लागतं, म्हणालात.

घरचा नियमही तुमचाच. सकाळी पुस्तक माझं, संध्याकाळी त्याचं. सकाळी मला धारा असायच्या. संध्याकाळी तो चिंचेखाली विटीदांडू खेळायचा आणि पुस्तक कोनाड्यात पडून असायचं. हात लावला तर तुम्ही विचारायचात, "आत्ता कुणाची पाळी हाय?" अशी तीन वर्षं गेली, आबा.

दहावीची परीक्षा आली. माझा गणिताचा पाया कच्चा होता, कारण वर्गात पुस्तकच नसायचं. पेपरला दहाबारा दिवस असताना मी एका रात्रीच्या मुक्कामाला कन्हेरीला मावशीकडं गेले. जाताना बीजगणिताचं पुस्तक पिशवीत टाकलं. परत आले आणि पुस्तक मावशीकडं राहिलं म्हणून सांगितलं. ते राहिलं नव्हतं. ते गोठ्यात पेंडीच्या रिकाम्या पोत्याखाली होतं. सकाळी धारा काढून झाल्या की मी तिथंच बसून गणितं सोडवायचे.

भावानं दोनदा विचारलं. "ताई, मी जाऊन आणू का मावशीकडनं?"

मी म्हणाले, "ती लग्नाला गेली हाय. घराला कुलूप हाय."

त्यानं मित्राची वही मागून आणली आणि तिच्यावर अभ्यास केला. तो ढ नव्हता. पुस्तक असतं तर पास झाला असता, एवढं मी आज शिक्षिका म्हणून सांगू शकते. मी पास झाले आणि तो गणितात गेला, थोडक्या मार्कांनी. निकालाच्या दिवशी तुम्ही त्याला डेअरीवर, दूध घालायला आलेल्या लोकांसमोर चपलेनं मारलंत. मी कॅन घेऊन तिथंच उभी होते. तुम्ही लोकांना सांगत होतात, "एकाच पुस्तकात दोघं शिकली. एक पास झाली, एक नापास. पुस्तकाचा काय दोष न्हाय." लोक माना हलवत होते. भावानं माझ्याकडं बघितलं, मार चुकवायला नाही, नुसतंच बघितलं. मी कॅनचं झाकण घट्ट करत राहिले.

तो परत परीक्षेला बसला नाही. त्यानं टेम्पो धरला, तो आजही चालवतो. तुम्ही शेवटपर्यंत त्याला मठ्ठ म्हणत गेलात, दवाखान्यात त्याच्याच हातानं पाणी पिताना म्हणालात, आणि मी उशाशी बसून होते. माझ्या शिक्षणाचं श्रेय मात्र तुम्ही घेतलंत. पोरीला शिकवली म्हणून गावानं तुम्हाला शाल दिली.

आबा, माझं एक वर्ष तुम्ही घेतलंत, याचा हिशोब मी इतकी वर्षं मनात घोकत आले. तुमच्यावर राग धरला की दुसरं काही आठवावं लागत नाही. भाऊ गेल्या रविवारी आला होता, मुलीला आठवीत घातलं म्हणून पेढे घेऊन. म्हणाला, "ताई, गणिताचं तूच बघ बाई तिचं. आमच्यात कुणाला गणित येत न्हाय." मी बघते म्हणाले. तो चहा पिऊन गेला.

ही गोष्ट त्याला सांगायला हवी. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही काही विचारणार नाही.