सहा आठवड्यांचे काम

सावेडी,
शुक्रवार

प्रिय केदार,

तुझे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तरीही पत्र लिहितो आहे. समोर बसून सांगू लागलो की तू घड्याळाकडे पाहतोस आणि माझे वाक्य अर्धे राहते. अर्धे वाक्य मला आयुष्यात कधी सहन झालेले नाही. शिवाय आज फार थकलो आहे. बोलायला जी ताकद लागते, ती उरलेली नाही, लिहिण्यापुरती आहे.

दिवाळीनंतर संगमनेरच्या एका डेअरीला अनिमेषने शब्द दिला आणि तू तो परस्पर मोडलास. त्या दिवसापासून तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालात. मग धंदा वाटून घ्यायचे ठरले: दूध थंड करण्याच्या टाक्यांची विक्री त्याच्याकडे, दुरुस्ती तुझ्याकडे. कार्यालय मात्र एकच, म्हणून त्याचे नूतनीकरण करून मधोमध भिंत घालायची, दारे दोन, पाट्या दोन. जिप्समची भिंत आवाज अडवत नाही, विटांचीच हवी, हा आग्रह तुझा. देखरेखीसाठी दोघांनाही चालेल असा माणूस एकच निघाला, तो मी, तुमचा बाप. ‘नाना एक सूतही इकडचे तिकडे होऊ देणार नाहीत,’ असे तुम्ही दोघे वेगवेगळ्या दिवशी, पण अगदी याच शब्दांत म्हणालात. चाळीस वर्षे कार्यालयीन अधीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला ते गोड वाटले, हे नाकारत नाही.

आराखडा मी मनापासून केला. अठराही कर्मचाऱ्यांना विचारले, की कोणाला खिडकी हवी, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला फोनवर मोठ्याने बोलावे लागते. ग्राहकांना पाठवायच्या सूचनेचा अनिमेषचा मसुदा तपासला; चार ओळींत तीन चुका होत्या. काम सहा आठवड्यांचे धरले आणि तोपर्यंत सर्वांची सोय मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये केली. तेथे जागा अपुरी पडली, त्यामुळे तुम्हा दोघांना एकाच टेबलाशी बसावे लागले.

पहिल्या आठवड्यात स्वागतकक्षातल्या निकिताचा जीव मेटाकुटीला आला. ‘निकिता, सरांना विचार, पाथर्डीचा कॉम्प्रेसर कधी येणार?’ ‘निकिता, सरांना सांग, येईल तेव्हा येईल.’ दोन्ही सरांमध्ये अंतर दोन हातांचे! अखेर ती मला म्हणाली, ‘नाना, मला नेमलंय ते रिसेप्शनला की पोपट म्हणून?’ पाचव्या आठवड्यात अनिमेषने टेबलफॅनचे तोंड तुझ्याकडे वळवले. तुझे लक्ष नव्हते, माझे होते. नवव्या आठवड्यात राहुरीकडची टाकी बंद पडली, तेव्हा तुम्ही एकाच गाडीतून गेलात आणि परतलात ते जिन्यावर भांडतच. पण ते भांडण थेट होते, मध्ये निकिता नव्हती. त्या दिवशी मी तुझ्या आईला शिरा करायला सांगितला.

काम सहा आठवड्यांचे होते, मग हे नवव्या आठवड्यात कसे घडले, असा प्रश्न तुला पडायला हवा होता.

फरशीची रेघ वाकडी गेली आहे, असे मी तुला लेखी कळवले होते. ती सरळ होती. मी स्वतः दोरी लावून पाहिली होती. तरीही आपल्या गवंड्याला, रामहरीला, तीन ओळी उखडायला लावल्या. त्याने त्या पुन्हा बसवल्या आणि मी पुन्हा उखडायला लावल्या. जुन्या भिंतींचा रंग नमुन्याशी जुळत होता. मी तीनदा नापसंत केला. कोणताही गवंडी आधी भिंत उभी करतो आणि मग फरशी घालतो. मी भिंत सर्वांत शेवटी ठेवली, तुम्ही त्या एका टेबलाशी जास्त दिवस बसावे म्हणून. रामहरीने पहिल्याच दिवशी ते ओळखले होते. फरशी दुसऱ्यांदा उखडायला सांगितली, तेव्हा हातातली थापी खाली ठेवून तो म्हणाला, ‘नाना, दोरी सरळ हाय, लेव्हल बराबर हाय. वाकडं काय आसंल ते माज्या कामात न्हाई. आमच्या शिंगणापुरात घराला दारं बसवत न्हाईत, आन् तुमी सख्ख्या भावांमधी भिंत घालाया निघालात. घाला बापडे! पर माजं नाव कशापायी खराब करताय?’ मी फरशीकडे बोट दाखवले आणि त्याने छिन्नी उचलली.

काल तू म्हणालास, की रामहरीला काम येत नाही, त्याला काढून पुण्याचा ठेकेदार आणू, आणि याला नगरमध्ये कोणी काम देऊ नये असे व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर कळवू. अनिमेष लगेच ‘बरोबर आहे’ म्हणाला. चौदा आठवडे मी ज्या एकमताची वाट पाहत होतो, ते असे झाले. म्हणून हे पत्र. माझे साप्ताहिक अहवाल काढून पाहा. त्यांतील व्याकरण निर्दोष आहे आणि मजकूर खोटा आहे. आणखी काही दिवस मिळाले असते तर, असा विचार काल दिवसभर मनात घोळवला. पण ते दिवस एका सरळ माणसाच्या पोटावर पाय देऊन घ्यावे लागतील, तेव्हा ते मला नकोत. अनिमेषलाही हे पत्र वाचायला दे, तुझ्या हाताने. सोमवारी सकाळी दहा वाजता रामहरी विटा घेऊन कार्यालयात येईल. आधी तुम्ही दोघे त्याची क्षमा मागा. मी आजच मागून आलो आहे. भिंत तोच घालील आणि ती ओळंब्यात, अगदी सरळ असेल. ती कोठून कोठपर्यंत घालायची, हे मात्र त्याला तुम्ही दोघांनी एकत्र उभे राहून सांगा. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

तुझाच,
नाना