सिगडीवरचं कृष्णविवर

फुलचूर, १२ मे २००७

चि. रंजितास रत्नपालमामाचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत बरी असेलच. माझी तू बिघडवलीस. लोकांच्या भाच्या डी.एड. होतात, नर्स होतात, मामा एका शब्दात मोकळा. मला मात्र टपरीवर कुणी ‘भाची काय करते जी?’ विचारलं की आकाशगंगेच्या पोटातल्या कृष्णविवरापर्यंत पोहोचेस्तोवर चहावर साय धरते. वर्षभर मी गरम चहा प्यायलेलो नाही. तुझ्या पुण्याच्या विद्यापीठाने याची गंभीर दखल घ्यावी.

असो. तुझ्या जर्मनीतल्या दोन वर्षांच्या संशोधनाला बाबांचा होकार मिळवायला परवा दवनीवाड्याला गेलो. तुझ्या बाबांचं, म्हणजे सेवकराम भाऊजींचं, एकच पालुपद, पोरीनं परत यावं अन् डी.एड. करावं. (जिल्ह्यात आता पोरांपेक्षा मास्तर जास्त झालेत, पण सांगणार कोण?) मी म्हटलं, भाऊजी, आकाशगंगेच्या मधोमध एक महाखादाड बसलेला असतो. वायू गिळतो आणि गिळता गिळता असा फुत्कार सोडतो की भोवतालचा वायूच उधळून जातो. ज्यातून नवे तारे व्हायचे तेच गेलं, तारे बंद! भाऊजी अंगणातल्या म्हशीला वैरण टाकत राहिले. मग मी प्रात्यक्षिकाला उतरलो. (माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच वाक्याने सुरू होतात.) अंगणात तुझ्या आईची भुशाची सिगडी, वर चिन्नोरचा भात. हळू फुंकलं तर आग पेटते, तसा त्या फुत्काराचा वारा कधी वायू दाबून तारे पेटवतोही. आणि जोरात फुंकलं तर, असं म्हणत मी फर्राटा पंखा सिगडीकडे वळवून पूर्ण वेगात सोडला.

सिगडी विझली. भाऊजी पांढरेशुभ्र. म्हैस शिंकली. भातात राख.

“काऊन रे रत्नपाल, माह्या भातानं तुहं काय बिघडवलं?” इति तुझी आई, आमची अल्काताई, हातात उलथनं.

भाऊजींनी पापण्या पुसल्या. “मंग तो वारा तारे इझवते का पेटवते?”

“दोन्ही.”

“पन जास्ती काय?”

मी कबूल केलं, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून नक्की ठाऊक नाही.

“कोनालेच ठाऊक नाही?” भाऊजी राखेआडून बघतच राहिले. “मंग मी तिले घरी कायले बलावून राहिलो? जाऊ दे. पाहून येवो.”

तुझा,
रत्नपालमामा

ता.क. पत्राचं खरं कारण हे. रविवारी बाबा फोन करून, वारा तारे विझवतो की पेटवतो, याचं उत्तर विचारतील. ‘अजून शोधतेय’ एवढंच सांग. सापडलं म्हणालीस तर डी.एड.चा फॉर्म घेऊन पुण्याला येतील.

ता.ता.क. आज ताई बाजाराला गेली असताना तिच्या कोठीत माझ्या घरचा चिन्नोर तांदूळ ओतून आलो. बोलू नकोस.