बाहुलीचा गुडघा

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो : इकडे सगळी मंडळी धडधाकट आहेत. फोन असताना हा गृहस्थ पत्र कशाला लिहितोय, असं तुम्ही विहीणबाईंना विचारलंच असेल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, बँकेत तीस वर्षं साहेब म्हणून काढलेल्या माणसाला ती सवय लागायचीच), आणि या खेपेला मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत. तुमचा रक्तदाब कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आमच्या सौभाग्यवतींचं नेहमीचंच, म्हणजे प्रकृती उत्तम आणि तक्रार माझ्याबद्दल. चिरंजीव अजून जहाजावरच आहेत, दोन महिन्यांनी उतरतील.

तर सांगायचं ते हे की मी एक बाहुली केली. हसून घ्या. आमच्याकडे सगळ्यांचं हसून झालेलं आहे. झालं असं, की आपल्या नातीच्या वर्गातल्या एका मुलीकडे गोळ्यांच्या सांध्यांची बाहुली आहे. म्हणजे मान, खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे, सगळीकडे एकेक गोळा, तो खोबणीत फिरतो, आणि आतून ताणलेल्या इलॅस्टिकनं सगळे तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. ती बाहुली मांडी घालते, गुडघ्यावर टेकते, गालाला हात लावून विचार करते. आपल्या नातीला त्या मुलीनं बाहुलीला हातही लावू दिला नाही. कार्टी घरी आली, दप्तर ठेवलं आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही अख्ख्या गावाच्या पाण्याचे नकाशे काढायचात ना? मग मला बसणारी बाहुली करून द्या." आता पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नळांची आरेखनं करून निवृत्त झालेल्या माणसाला, ज्याला घरात आता बल्बसुद्धा कुणी बदलायला सांगत नाही, अशा शब्दांत कुणी विचारलं तर तो काय करील? मी हो म्हणालो. सात वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द फिरवता येत नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पहिले चार दिवस माझे फार सुखात गेले. मोठा कागद अंथरला, पेन्सिलींना टोकं केली आणि बाहुलीचं समोरून, बाजूनं आणि मागून असं मोजून-मापून आरेखन केलं. उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, प्रत्येक गोळ्याचा व्यास, प्रत्येक खोबणीची खोली. नळाच्या जोडालाही एल्बोच म्हणतात, तेव्हा कोपर मला परकं नव्हतं. सौभाग्यवतींनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि हिला झाकण कुठे बसवणार, एवढंच विचारलं. (टोमणा होता. पण गंमत म्हणजे झाकण लागतंच. डोक्याला मागून झाकण ठेवावं लागतं, नाहीतर आत इलॅस्टिक अडकवणार कुठून आणि डोळे बसवणार कसे?)

खरी परीक्षा माती हातात घेतल्यावर सुरू झाली. ही माती हवेत वाळते, भट्टी लागत नाही. थर्माकोलचे दांडे कापायचे, त्यांवर माती थापायची, वाळली की कापून दोन भाग करायचे, आतलं थर्माकोल काढायचं आणि पोकळ भाग पुन्हा जोडायचे. लिहायला सोपं आहे. माती वाळताना आकसते, ही गोष्ट मातीच्या पुडक्यावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेली असते, आणि माझा चष्मा जवळचं वाचायला कामाचा नाही. उजवी मांडी डावीपेक्षा बोटभर बारीक झाली. पोटाला नदीसारखी भेग पडली. हात दोन केले ते दोन्ही डावे निघाले, आणि हे मला मनगटं जोडेपर्यंत कळलं नाही. मग घासकाम. आधी जाड पॉलिश पेपरनं, मग मधल्या, मग बारीक. आठवडाभर मी दुसरं काही केलंच नाही. घरभर पांढरी धूळ झाली. पिठाच्या डब्यावर ती सापडल्यावर माझी रवानगी मागच्या गॅलरीत झाली. तिथे मी नाकाला फडकं आणि डोक्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालून बसत असे. एक विमा एजंट मला त्या वेषात बघून दारातूनच परतला, तो परत आलेला नाही. एवढा एक फायदा झाला.

सांध्यांसाठी नातीनं स्वतःच्या गोट्या काढून दिल्या (त्यांतली निळी गोटी तिनं दोनदा परत घेतली आणि तिसऱ्यांदा दिली). त्यांवर माती चढवली, वाळल्यावर कापून गोट्या काढल्या आणि पोकळ गोळे जोडले. इलॅस्टिक मी माझ्या रात्रीच्या विजारीतून काढलं. मानेतून, धडातून, पायांतून ते ओवलं, तारेच्या आकड्यात अडकवलं आणि जरा जास्तच ताणलं. बाहुलीनं क्षणभर श्वास धरल्यासारखं केलं आणि उजवा पाय असा झाडला की डोकं उडून सौभाग्यवतींच्या चहाच्या कपात पडलं. दुसऱ्यांदा सैल ओवलं, तर ती चिंध्यांच्या गाठोड्यासारखी कोसळली. नातीनं तिला उचललं, तिची मान एकीकडे, हात दुसरीकडे. "आजोबा, ही मेलीय का?" तिच्या आवाजात चिडवणं नव्हतं, नुसती विचारणा होती. व्याहीबुवा, मला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. वय झालं की आपल्याला येणाऱ्या गोष्टी एकेक करून कमी होतात, हे मान्य आहे. पण त्यांची यादी नातीच्या समोर होऊ नये.

आणि गुडघा तर बसेचना. मी गुडघ्याला एकच गोळा ठेवला होता. पाय अर्धा वाकला की मांडीची मागची कड पोटरीला अडायची. तिला खुर्चीवर ठेवलं की ती घसरगुंडीवरून निघाल्यासारखी ताठ पायांनी खाली यायची. आणि मागणी तर बसणाऱ्या बाहुलीची होती.

मग एक दिवस सकाळी फिरून आलो, तर गॅलरीत डाव्या मांडीची मागची कड तासलेली. पोटरीचीही. कुणीतरी अगदी बेतानं, गोलाई सांभाळून तासली होती. सौभाग्यवतींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला दुसरे उद्योग आहेत. दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर गुडघ्यासाठी एक वेगळाच तुकडा करून वाळत ठेवलेला : वर एक गोळा, खाली एक गोळा, मधे लहानशी वाटी. पाय दोन ठिकाणी वाकणार म्हणजे! चौतीस वर्षांत मला हे सुचलं नसतं, कारण पाण्याच्या नळाला मांडी घालावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी चष्मा विसरलो म्हणून कोपऱ्यावरून परत आलो. गॅलरीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तुमची लेक जमिनीवर बसली होती. ऑफिसचे कपडे अंगावर, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, आणि डोळे मिटलेले. डाव्या हाताच्या बोटांनी ती स्वतःचा गुडघा चाचपत होती. पाय लांब करायची, दुमडायची, वाटी कुठे सरकते ते बोटांनी बघायची. आणि उजव्या हातात माती होती, ती बोटांच्या मागोमाग आकार घेत होती. मी दारात उभा राहिलो. अकरा वर्षं ही मुलगी आमच्या घरात आहे. तिच्या हातांकडे मी चहाचा कप घेण्यापुरतंच पाहिलं होतं.

माझी चाहूल लागली तशी ती दचकली. "सॉरी बाबा, मी नुसतंच बघत होते," म्हणाली. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "शिकले कुठे? शिकायचं राहिलंच." आणि हात धुवायला उठली, कारण नऊ चाळीसची बस होती.

त्या संध्याकाळी तिनं थोडंथोडं सांगितलं. शिल्पकलेच्या प्रवेश परीक्षेत तिचा नंबर लागला होता, आणि तुम्ही म्हणालात की माती रविवारी कर, आठवड्याचे सहा दिवस बँक. (हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तक्रार असती तर मी तुम्हाला कळवलीही नसती.) मग रविवारी इतर कामं निघत गेली. मी तुम्हाला दोष देतोय असं समजू नका. लग्नाच्या बोलणीत तिची नोकरी कायम आहे ना, हे तुम्हाला तीनदा विचारणारा माणूस मीच होतो. ती तिथेच बसली होती. मुली, तुला काय आवडतं, हे आपल्यापैकी कुणी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला आठवतंय का? मी बराच आठवून पाहिलं.

त्यानंतर आम्ही दोघं रोज सकाळी तास-दीड तास बसू लागलो. फिरणं बंद. ती फार कडक मास्तरीण आहे. माझं आरेखन तिनं घडी करून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, बाबा, आधी स्वतःच्या पायाला हात लावून बघा. मी भेग बुजवली की ती पुन्हा उकरायची. उजवा हात नवा केला. चेहरे मी चार केले होते, चौघीही माझ्या जुन्या वरिष्ठ इंजिनियरसारख्या दिसत होत्या. पाचवा तिनं केला. तो कुणासारखाच दिसत नाही, पण खोलीत आलं की आपण त्याच्याकडे बघतो.

गेल्या रविवारी बाहुली ओवली. नातीनं तिला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, दोन्ही गुडघे वाकवले, एक हात मांडीवर ठेवला. हात काढून घेतला. बाहुली बसली. घसरली नाही. मग नात आईकडे वळून म्हणाली, "तू हे कधी करायला लागलीस?" तुमची लेक हसली, आणि मग एकदम आत निघून गेली. सौभाग्यवती तिच्या मागे गेल्या. मी कट्ट्याजवळच राहिलो, कारण अशा वेळी मी गेलो की काम बिघडतं.

असो. बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
व्याही

ता. क. : वर 'मी एक बाहुली केली' असं लिहून गेलोय. खरं सांगायचं तर त्या बाहुलीत माझा फक्त डावा तळपाय आहे, आणि त्याचीही बोटं सूनबाईनं दुरुस्त केलेली आहेत.

ता. क. २ : इथल्या मोठ्या रुग्णालयामागे कृत्रिम हातपाय बनवायची एक कार्यशाळा आहे. सूनबाईनं तिथे त्या गुडघ्याचे फोटो दाखवले. त्यांनी तिला दोनदा बोलावलं, हातात माती देऊन दिवसभर काम करून घेतलं, आणि एक तारखेपासून शिकाऊ म्हणून घेतलंय. चिरंजीवांनी जहाजावरून होकार कळवलाय. परवा तिनं बँकेत राजीनामा दिला. तुम्हाला ती स्वतः कळवणार आहे. चार कागद लिहून फाडलेत, पाचवा चालू आहे. तो तुमच्या हाती पडण्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून मी आज स्वतः जाऊन टपालात टाकतोय. तुम्हाला संताप येईल. तो सगळा माझ्या नावावर काढा, मी फोनजवळ बसून राहीन, आणि या वेळी तुमचीच वाक्यं पुरी होऊ देईन.

ता. क. ३ : एक गोष्ट तुम्हाला तिथून दिसणं शक्य नाही, म्हणून कळवतो. तुमचा फोन आला की ती खुर्चीवरून उठते. बोलणं संपेपर्यंत उभीच असते, अर्धा तास असो की पाऊण. तिला फोन कराल तेव्हा आधी तिला बस म्हणा. मग जे काही बोलायचं ते बोला.