खोकल्याचं मी सांगून बसले

अहो,

मी कात्रपला कीर्तनाला जाते. पिठलं झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

संध्याकाळी विमावाले खूबचंदभाई येतील. तुम्ही गेल्यावर लाख देणारी पॉलिसी घेऊ नका. आजारपणात घरी बसलात तर महिन्याला पैसे देते, ती घ्या. ठेकेदार काही बसल्या माणसाला पगार देणार नाही. आणि मला तुम्ही अंथरुणावर कुरकुरताना चालाल, हार घातलेल्या फोटोत नाही.

एक घोटाळा झालाय. सकाळी बाजारात खूबचंदभाई म्हणाले, "भाभी, खोकल्याचं नाव काढू नका, सगळं तंदुरुस्त लिहू." गळ्यात माळ घालून खोटं कसं बोलू? बुवा आख्यान लावतात तसं मी तुमच्या खोकल्याचं, बिडीचं, रात्रीच्या घामाचं सगळं आख्यान लावलं. भाजीवालीने तर मान डोलावली.

आता हप्ता वाढेल म्हणे, आणि आधी विमा कंपनीचा डॉक्टर तपासणार. रागवा, पण नाही म्हणू नका. पॉलिसी मिळो न मिळो, वर्षभर मी ज्याच्यासाठी तुमच्या हातापाया पडतेय तो छातीचा एक्सरे त्यांच्या खर्चाने निघतोय. ही विठोबाचीच सोय समजा.

गोदू